विश्लेषण : पूर ओसरला, भिंत मात्र ओलीच, घराचे खरे नुकसान पंचनाम्यात का दिसत नाही?

पुराचे पाणी काही तासांत उतरते. घरातला गाळ दोन दिवसांत निघतो. आठवड्याभरात पंचनामाही होतो आणि प्रशासनाच्या लेखी तो विषय तिथे संपतो. घराचे खरे नुकसान मात्र त्यानंतर सुरू होते. भिंतीत शिरलेले पाणी, जोत्याखाली फुगलेली काळी माती, रंगाखाली जमणारे क्षार आणि गाद्या-धान्याला लागलेली बुरशी हे सगळे हळूहळू, आठवड्यांनी आणि महिन्यांनी दिसू लागते. तोपर्यंत मदतीची यादी बंद झालेली असते. म्हणूनच पुरानंतर घराचे नेमके काय होते हे घरमालकाने समजून घ्यायला हवे आणि पंचनाम्याची पद्धतही बदलायला हवी.

बुलढाण्यातील पूर वेगळा कसा?

२२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या भागात नदी-नाले एकाच वेळी फुगले. अनेक गावांचा संपर्क तुटला, घरांत पाणी शिरले, शेतजमीन खरडून गेली आणि लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले.

कोल्हापूर-सांगलीकडचा पूर आणि हा पूर यांत मोठा फरक आहे. कृष्णा-पंचगंगेचे पाणी हळूहळू चढते आणि कित्येक दिवस घरात मुक्काम करते. २०१९ मध्ये साऱ्या राज्याने ते पाहिले. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या तालुक्यांत मात्र सातपुड्यावरून उतरणारे पाणी झपाट्याने येते आणि पूर्णेकडे तितक्याच झपाट्याने निघून जाते. रात्री घरात कमरेएवढे असलेले पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातही नसते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटते की थोडक्यात निभावले. पण भिंत किती दिवस पाण्यात होती यापेक्षा ती किती पाणी प्यायली हे महत्त्वाचे. कोरडी वीट पाणी पिण्यासाठी दोन दिवस घेत नाही.

भिंत किती पाणी पिते?

गणित सोपे आहे. साध्या भाजक्या विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये, असे भारतीय मानक सांगते. तीन किलोच्या विटेत अर्धा लिटर पाणी सहज मावते. एक घनमीटर बांधकामाला साधारण ५०० विटा लागतात. दहा फूट लांबीची, नऊ इंची भिंत तीन फुटांपर्यंत पाण्यात बुडाली तर तेवढ्या भागात तीनशेच्या आसपास विटा असतात. म्हणजे एकाच भिंतीत दीडशे लिटरच्या जवळपास पाणी साठू शकते. वीस लिटरच्या सात-आठ बादल्या झाल्या. चार भिंतींच्या एका खोलीचा हिशोब यावरून करता येतो.

हे पाणी पूररेषेपाशी थांबतही नाही. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते विटा आणि सांध्यांतून वर चढते. म्हणून पाणी तीन फूट आले असले तरी काही दिवसांनी ओल चार-साडेचार फुटांवर दिसते. प्लास्टर बाहेरून कोरडे दिसते, हाताला गारवा मात्र लागतो.

जाड भिंत वाळायला इंचाला साधारण एक महिना, असा बांधकाम क्षेत्रातील ढोबळ आडाखा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर साडेचार महिने. विदर्भातले ऑक्टोबरचे ऊन हा काळ कमी करते, पण पूर येतो पावसाळ्यातच आणि पुढचे दोन-अडीच महिने हवाच दमट असते. २२ जुलै ते त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन, १२ नोव्हेंबर, यांत ११३ दिवसांचे अंतर होते. म्हणजे दिवाळीला रंग काढायची घाई करणाऱ्या अनेक घरांच्या भिंती आतून तेव्हाही ओल्या असणार.

खारपाण पट्ट्यात दुखणे दुप्पट का?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा भाग त्यात येतो. येथील जमिनीत आणि भूजलात क्षार आहेत. पुराचे पाणी गोडे असले तरी ते जमिनीतले, विटेतले आणि मसाल्यातले क्षार विरघळवते. भिंत वाळू लागली की पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार पृष्ठभागाशी उरतात. त्यांचे खडे होताना आतून दाब पडतो, रंग फुगतो, प्लास्टरचे पापुद्रे सुटतात, विटेचा भुगा होतो. गावात याला भिंतीला लोणा लागला असे म्हणतात.

बांधकामालाच बोअरचे खारे पाणी वापरले असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. असे क्षार ओलाव्यासोबत स्लॅब-कॉलमच्या सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते आणि फुगते, मग काँक्रीटला लांब सरळ भेग पडते. ती पुरानंतर वर्ष-दोन वर्षांनीही पडू शकते आणि तिचा पुराशी असलेला संबंध तेव्हा कोणालाच आठवत नाही.

लोणा पाण्याने धुऊ नये. धुतल्यावर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून, खाली पडलेली पूड गोळा करून घराबाहेर टाकावी. भिंत वाळेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागते.

जमिनीखाली काय घडते?

कपाशी आणि सोयाबीनला पोसणारी काळी माती घराच्या पायाला मात्र अवघड असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. पुरात घराच्या एका बाजूची माती जास्त भिजली तर पाया एका बाजूने उचलला जातो. पुढे ती वाळताना खाली बसतो. त्याचा परिणाम दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघणाऱ्या भेगांत दिसतो. दार अचानक घासू लागते, कडी बसत नाही. शहाबादी फरशीवर काठी आपटली तर पोकळ आवाज येतो, कारण खालचा भराव वाहून गेलेला किंवा दबलेला असतो.

अशा भेगा लगेच सिमेंटने भरण्यात अर्थ नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि दर पंधरा दिवसांनी पाहावे. भेग पुढे सरकत असेल, रुंद होत असेल किंवा भिंत ओळंब्यात राहिली नसेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय त्या खोलीत झोपू नये.

मातीच्या आणि धाब्याच्या घरांचा धोका सर्वांत मोठा. मातीची भिंत कोरडी असताना वर्षानुवर्षे भार पेलते, पण तळ भिजला की तिची ताकद जाते. वर धाब्यावरच्या मातीनेही पाणी धरलेले असते, त्यामुळे भार वाढतो आणि आधार घटतो. पाऊस थांबून ऊन पडल्यावर अशा भिंती कोसळतात त्या यामुळेच. ‘काल एवढा पूर सोसला, आता काय होते’ हा हिशोब इथे चुकतो. मातीच्या भिंतीचा तळ मऊ लागत असेल, माती गळत असेल किंवा भिंतीला पोट आले असेल तर घर रिकामे करणे हाच उपाय.

पहिल्या दिवशी कोणत्या क्रमाने काय करावे?

सर्वांत आधी वीज. मेन स्विच बंद असल्याची खात्री होईपर्यंत ओल्या घरात पाऊल टाकू नये आणि पाण्यात उभे राहून बोर्डाला हात लावू नये. मीटर किंवा सर्व्हिस वायर भिजली असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. फ्रिज, पाण्याची मोटर, कुलर, आटाचक्की हे ‘चालते का बघू’ म्हणून लगेच सुरू करू नये. आत गाळ आणि ओल असताना वीज दिली तर दुरुस्त होऊ शकणारी वस्तूही जळते आणि शॉक लागण्याचा धोका वेगळाच. गॅसचा वास येत असेल तर दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

त्यानंतर फोटो. झाडू हातात घेण्याआधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक भिजलेल्या वस्तूचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढावा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला खडूने खूण करून, शेजारी टेप धरून, उंची दिसेल असा फोटो घ्यावा. साफसफाई झाली की ही रेषा पुसली जाते आणि तिच्यासोबत पुरावाही जातो.

मग गाळ. तो ओला असतानाच काढावा. वाळला की दगडासारखा बसतो. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधे आणि खताच्या गोण्याही असतात. त्या फुटून गाळात मिसळलेल्या असू शकतात, शिवाय सांडपाणीही त्यात असते. त्यामुळे गमबूट आणि हातमोजे लागतातच. अडगळ काठीने हलवून मगच हात घालावा, साप-विंचू तिथेच आसरा घेतात.

खामगाव किंवा मलकापूरसारख्या शहरांतील दुकानांच्या तळघरात पाणी असेल तर मोठा पंप लावून ते एका दमात उपसू नये. बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना आतले पाणी अचानक काढले तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो. बाहेरचे पाणी ओसरल्यावर रोज साधारण एक तृतीयांश या बेताने उपसा करणे सुरक्षित.

काय वाचवावे, काय टाकावे?

ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. म्हणून पहिले दोन दिवस निर्णायक असतात. कापसाची गादी, उशा, प्लायवूडचे फुगलेले कपाट यांत पुराचे पाणी गेले असेल तर ते सहसा वाचत नाही. सागवानी दार, लोखंडी कपाट, स्टीलची भांडी, प्लास्टिक हे धुऊन, वाळवून वापरता येते.

धान्याबाबत जीव तुटतो, पण इथे कठोर व्हावे लागते. पुराच्या पाण्यात भिजलेली ज्वारी, गहू, तूर, भुईमूग वाळवून खाणे धोक्याचे. काही बुरशी अशी विषे तयार करतात जी शिजवूनही जात नाहीत. कोठीतले वरचे कोरडे धान्य आधी वेगळे काढावे. बुरशी धरलेले धान्य गुराढोरांनाही घालू नये.

विहिरीत पुराचे पाणी गेले असेल तर गढूळ पाण्यात टीसीएल पावडर टाकून काम भागत नाही. गाळ आधी बसू द्यावा लागतो, कारण तोच क्लोरीन खाऊन टाकतो. आरोग्य कर्मचाऱ्यांनी शुद्धीकरण करून तपासणी करेपर्यंत ते पाणी पिऊ नये.

भिंत वाळवायची कशी?

महागडी यंत्रे नसली तरी बरेच करता येते. कपाटे, दिवाण, कोठ्या भिंतीपासून फूटभर पुढे ओढाव्यात. समोरासमोरच्या खिडक्या कोरड्या वेळी उघड्या ठेवाव्यात. विदर्भात घरोघरी असलेला कुलर इथे कामी येतो. वायरिंगची तपासणी झाल्यावर, पाणी न भरता आणि ताट्या काढून, फक्त त्याचा पंखा भिंतीकडे तोंड करून चालवावा. सुटलेले, पोकळ वाजणारे प्लास्टर पूररेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकले तर वीट लवकर वाळते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ओल्या भिंतीवर ऑइल पेंट, वॉटरप्रूफ लेप किंवा टाइल्स लावणे. त्यामुळे ओल दिसेनाशी होते, पण आतच कोंडली जाते आणि वर चढते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचे प्लास्टर चढवल्यानेही तेच होते. पहिल्या वर्षी चुन्याची सफेदी पुरेशी आहे, तिच्यातून वाफ बाहेर पडते.

भिंत वाळली का हे पाहण्याची एक घरगुती पद्धत आहे. फूटभर रुंद-लांब पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवावे आणि दोन दिवस ठेवावे. आतून दवाचे थेंब दिसले तर रंगाऱ्याला अजून बोलवू नये.

पंचनामा नेमके काय मोजतो?

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी आपत्ती निवारण निधीचे जे निकष ठरले, त्यात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५००, कच्च्या घराला ४ हजार आणि झोपडीला ८ हजार रुपये. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात राहिले तर कपड्यांसाठी २ हजार ५०० आणि भांड्यांसाठी २ हजार ५०० रुपये. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांची तातडीची मदत पाच हजारांवरून दहा हजार रुपये केली. ती वाढ आवश्यक होती. मात्र वाढीव रक्कम आणि शिथिल अटी प्रत्येक वेळी वेगळ्या शासन निर्णयाने येतात, मूळ चौकट तीच राहते.

या चौकटीत दोन गृहीतके आहेत आणि घाटाखालच्या गावांत दोन्ही तोकडी पडतात. पहिले, नुकसान म्हणजे पडझड. भिंत उभी आहे पण दीडशे लिटर पाणी पिऊन उभी आहे, अशा घरासाठी रकानाच नाही. दुसरे, पाणी दोन दिवस राहिले तर नुकसान मोठे. सातपुड्यातून येणारा पूर दोन दिवस थांबत नाही, पण तेवढ्याने विटेने प्यायलेले पाणी कमी होत नाही. शिवाय पंचनामा एकदाच होतो. तलाठी आणि ग्रामसेवक येतात तेव्हा जी भिंत उभी असते ती पंधरा दिवसांनी पडली, तर त्या कुटुंबाला नव्याने खेटे घालावे लागतात आणि ती पुरामुळेच पडली हे स्वतः सिद्ध करावे लागते. पूर्ण पडझड आणि अंशतः पडझड यांतील रकमेची दरी पाहता हा उशीर गरीब कुटुंबाला लाखभर रुपयांचा फटका देऊ शकतो.

विम्याचा उपयोग होतो का?

बुलढाण्यात पीक विम्याची चर्चा घरोघरी असते, घराच्या विम्याची क्वचितच. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक केले. तिच्यात पूर आणि जलमय होण्याचा धोका समाविष्ट आहे. घराचा विमा घेतल्यास घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. गृहकर्ज घेतलेल्या अनेकांच्या घराचा विमा बँकेने उतरवलेला असतो, पण कुटुंबाला ते माहीत नसते. कर्जाची कागदपत्रे एकदा काढून पाहावीत. दावा करताना कंपनीला लगेच कळवणे आणि सर्वेक्षक येईपर्यंत फोटो व भिजलेल्या वस्तू ठेवणे गरजेचे.

मात्र ज्यांची घरे सर्वांत आधी पडतात त्या मातीच्या घरांतील कुटुंबांपर्यंत विमा पोहोचलेला नाही. त्यांच्यासाठी सरकारी पंचनामा हाच एकमेव आधार आहे, म्हणून तो अचूक असणे महत्त्वाचे.

काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट, पंचनाम्यात पाण्याच्या उंचीचा रकाना हवा. घरात पाणी किती फूट होते, भिंत मातीची की विटेची, जोते किती उंच, या तीन नोंदी घ्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत. अक्षांश-रेखांशासह फोटो काढणारे मोबाइल अॅप प्रशासनाकडे आता नवे राहिलेले नाही.

दुसरी, मातीच्या आणि तीन फुटांपेक्षा जास्त बुडालेल्या घरांची ३० ते ४५ दिवसांनी पुन्हा पाहणी व्हावी. ती कनिष्ठ अभियंत्याने करावी आणि त्या काळात पडलेली भिंत त्याच पुराच्या यादीत धरावी. यावर आक्षेप येईल की यंत्रणा आधीच अपुरी आहे आणि खोटे दावे वाढतील. पण पहिल्या पाहणीत पाण्याची उंची आणि फोटो नोंदवले गेले तर दुसऱ्या पाहणीत खोट्याला जागा कमी राहते. सगळ्या घरांची फेरपाहणी करायचीही गरज नाही, यादी आधीच छोटी झालेली असते.

तिसरी, मदतीच्या रकमेसोबत वाळवण्याची सोय द्यावी. ग्रामपंचायतीकडे दोन पाणबुडी पंप, काही मोठे पंखे आणि ओल मोजणारा एखादा मीटर असला तर तो गावाला दरवर्षी कामी येईल.

चौथी, पुन्हा बांधताना पूररेषा विसरू नये. घरकुलाचे जोते गावातल्या नोंदलेल्या पूररेषेच्या वर असावे आणि जोत्यावर ओल रोखणारा डीपीसीचा थर असावा. बांधतानाच होणारा हा किरकोळ खर्च वाचवला तर त्याची किंमत पुढे दर पावसाळ्यात मोजावी लागते. त्यासाठी प्रत्येक गावात शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पुराची उंची आणि तारीख रंगवून ठेवणे ही सुरुवात होऊ शकते.

पूर रोखणे गावाच्या हातात नसते. पुरानंतर कोणते घर राहण्याजोगे आहे हे वेळेत ओळखणे मात्र शक्य आहे. त्यासाठी पंचनाम्याने पडलेल्या भिंतींसोबत ओल्या भिंतीही मोजायला हव्यात.